गल्ल्यावर बोलता तसंच वेबसाइटवर लिहा: सोलापुरातल्या दुकानदारांसाठी सविस्तर

सोलापुरातल्या चादरी-टॉवेलवाल्यांच्या, चटणीवाल्यांच्या, युनिफॉर्मवाल्यांच्या वेबसाइट लागोपाठ उघडून बघा, सगळ्या एकाच माणसानं लिहिल्यासारख्या वाटतात. "ग्राहकांच्या समाधानास सर्वोच्च प्राधान्य", "गुणवत्तेशी तडजोड नाही", "आपल्या सेवेत सदैव तत्पर". आणि त्याच दुकानात प्रत्यक्ष गेलात की मालक इतकं भारी बोलतो, चादर उलगडून दाखवतो, कुठली घेऊ नका तेही सांगतो, की एक घ्यायला आलेला माणूस चार घेऊन जातो. हे बोलणं वेबसाइटवर येत नाही कारण लिहायला बसलं की आपल्याला शाळेतला निबंध आठवतो. मी दुकानांसाठी मजकूर लिहून द्यायचं काम करतो आणि माझं ठाम मत आहे की चांगला मजकूर डोकं खाजवून सुचावा लागत नाही, तो तुमच्या गल्ल्यावर रोज बोलला जातोय, तो ऐकून उतरवून घ्यायचा. कसा, ते खाली सांगतो. उदाहरण चादरी-टॉवेलच्या दुकानाचं धरलंय, तुमचा धंदा दुसरा असला तरी काम असंच करायचं.

आधी ऐका, लिहायचं नंतर

गर्दीचा एक दिवस निवडा. गुरुवारी अक्कलकोटला जाणारी-येणारी माणसं थांबतात, रविवारी तुळजापूर, पंढरपूर करून आलेली असतात, लग्नसराईत तर विचारूच नका. बाहेरगावचं गिऱ्हाईक मुद्दाम ऐका कारण वेबसाइटवर येणारं गिऱ्हाईक तसलंच असतंय, त्याला तुमचं दुकान माहीत नाही, मालाला हात लावता येत नाही, आणि त्याच्या मनात शंका भरपूर असतात. मोबाइलचा रेकॉर्डर गल्ल्यावर ठेवा, पण समोरच्याला सांगून ठेवा, "वेबसाइटसाठी आमचं बोलणं टिपून घेतोय, चालेल का?" एवढं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, जो नको म्हणेल त्याच्यापुरतं बंद करा.

मग अशी बोलणी सापडतात:

"चादर दाखवा हो."

"पांघरायला पाहिजे ताई, का अंथरायला?"

"पांघरायला. पण लई जड नको, सासूबाईंना धुवायला जमत नाही."

"मग ही जाड जॅकार्डची नको, ही बघा, हलकी आहे. थंडीत अंगावर दोन घेतल्या तरी चालतंय."

"रंग जातोय का?"

"लाल आणि मरून पहिल्या दोन धुण्यात थोडा सोडणार, खोटं कशाला सांगू. वेगळी धुवा. निळी घेतली तर एवढा त्रास नाही."

आता ह्यात बघा काय काय आलं. दुकानदाराचा पहिलाच प्रश्न, पांघरायला का अंथरायला, हा कुठल्याच वेबसाइटवर मला दिसत नाही, तिथं "प्रीमियम बेडिंग कलेक्शन" लिहिलेलं असतं. मग वजनाची गोष्ट आली, घरात धुणार कोण ते आलं, कुठल्या रंगाला काय होतं ते आलं, आणि एक माल स्वतःहून "नको" म्हणून बाजूला सारला, ज्यामुळं पुढचं सगळं बोलणं त्या ताईंना खरं वाटलं. सहा वाक्यांत झालं हे सगळं.

रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला जीबोर्डचं मराठी व्हॉइस टायपिंग किंवा गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग वापरता येतं, फक्त थेट रेकॉर्डिंग ऐकवू नका, हेडफोन लावून तुम्ही ऐका आणि स्वतःच्या तोंडानं सावकाश पुन्हा बोला. आपल्याकडं एकाच गल्ल्यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी चालते, एकाच वाक्यात दोन-दोन भाषा येतात, मशीन तिथं गडबडतं. आणि उतरवताना सुधारू नका, "चालतंय" म्हणाले तर "चालतंय"च लिहा, सुधारणा नंतर.

रेकॉर्डिंगच्या जोडीला व्हॉट्सॲप आहेच. चॅटच्या सर्चमध्ये "कधी", "किती", "का" टाकून बघा, आणि हेच शब्द रोमन अक्षरांतही टाकून बघा कारण अर्धं गिऱ्हाईक मराठी तसंच टाइप करतं. कधी मिळेल, किती मोठी आहे, बदलून मिळेल का, होलसेलला किती पीस घ्यावे लागतात. सगळं एका वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रश्न आणि शेजारी तुम्ही दिलेलं उत्तर असं मांडा. हीच वही पुढं पानापानांवर वाटायची आहे, त्यामुळं हे काम घाईत उरकू नका, ह्याला लागेल तेवढा वेळ द्या.

प्रश्नांचे गठ्ठे करा

माल घ्यायच्या आधीचे प्रश्न एकीकडं, म्हणजे कुठली घेऊ, किती मोठी, रंग, वजन. पैशाचे एकीकडं. पोचवण्याचे एकीकडं. आणि माल हातात पडल्यावरचे, धुवायची कशी, बिघडलं तर काय, हे वेगळे. ज्या गठ्ठ्यात प्रश्न जास्त, ते पान मोठं आणि आधी लिहायचं. बहुतेक लोक "आमच्याविषयी"पासून सुरुवात करतात, ते सगळ्यात शेवटी घ्या, कारण गल्ल्यावर येऊन "तुमची संस्था कधी स्थापन झाली" असं कुणी विचारत नाही.

पहिल्या पानावरच्या पहिल्या ओळी

मोबाइलवर पान उघडलं की अंगठा न लावता जेवढं दिसतं तेवढ्यात तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: काय विकताय, कुठून, आणि मी आता काय करू. बस.

आधी असं असतं:

"सोलापूरच्या समृद्ध वस्त्रपरंपरेचा वारसा जपत, ग्राहकांच्या विश्वासास पात्र ठरलेले एकमेव दालन."

हे असं करा:

"सोलापुरी चादरी आणि टॉवेल, आमच्या मागावरून थेट तुमच्या घरी. पांघरायला पाहिजे, अंथरायला पाहिजे, का आहेरात द्यायला? सांगा, तसं दाखवतो."

खाली तीन बटणं: पांघरायला, अंथरायला, आहेर आणि मानपान. गिऱ्हाईक स्वतःच वाटेला लागतं, "कॅटेगरी १, कॅटेगरी २" बघत बसावं लागत नाही. आहेराचं बटण मी आग्रहानं ठेवायला लावतो, कारण लग्नाचे टॉवेल-टोपीवाले एकदम पन्नास-शंभर पीस घेतात आणि त्यांचे प्रश्न पार वेगळे असतात, पॅकिंग कसं, तारखेच्या आत मिळेल का, उरलेले परत घ्याल का. त्यांना घरगुती गिऱ्हाइकाच्या पानावर फिरवू नका. आणि "आमच्या मागावरून" हे तुमचे स्वतःचे माग असतील तरच लिहा, दुसऱ्याकडून घेऊन विकत असाल तर "सोलापुरातल्या कारखान्यांतून निवडून आणलेल्या" असं लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

मालाचं पान, इथं खरी मेहनत

इथं लोक कारखान्याची भाषा जशीच्या तशी टाकतात, "४०० जीएसएम, १०० टक्के कॉटन, टेरी". जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, हे तुम्हाला माहीत आहे, नाशिकच्या मावशींना कशाला माहीत असेल? पण म्हणून आकडा काढून टाकायचा नाही, हॉटेलवाला, लॉजवाला तोच आकडा बघून ऑर्डर देतो. आकडा ठेवायचा आणि तो हाताला कसा लागतो ते सांगायचं. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे सव्वा चौरस मीटरपेक्षा थोडा कमी, नेमका १.१२५, ४०० नं गुणलं की ४५० ग्रॅम. म्हणजे असं लिहिता येतं:

"मोठा अंघोळीचा टॉवेल, ७५ बाय १५० सेंटिमीटर. कोरडा असताना अर्ध्या किलोला थोडा कमी भरतो. अंगाभोवती व्यवस्थित गुंडाळता येतो. जाड आहे, त्यामुळं पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, रोज प्रवास करणाऱ्यांनी ह्याच्याऐवजी आमचा पातळ टॉवेल घ्यावा. पहिल्या धुण्यात थोडे धागे निघतील, नंतर थांबतात. ४०० जीएसएम, सुती."

ह्यात "उत्कृष्ट" नाही, "सर्वोत्तम" नाही, तरी माल डोळ्यांपुढं आला. पातळ टॉवेल घ्या म्हणून आपणच सांगितलंय, मालक लोक ह्या वाक्याला हमखास घाबरतात, गिऱ्हाईक जाईल म्हणतात. पण गल्ल्यावर तुम्ही हेच करता ना, आणि चुकीचा माल जाऊन परत आला तर जाण्या-येण्याचं कुरिअर कुणाच्या खिशातून जातं ते आठवा.

मापं दोन्ही लिहा. चादर ६० बाय ९० इंच, म्हणजे ५ फूट बाय साडेसात फूट, आणि लगेच पुढं "सहा फुटी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरते". बाकी कुठलंही विशेषण लिहावंसं वाटलं की स्वतःला विचारा, "कशावरून?" आणि जे उत्तर येईल ते लिहा. मऊ आहे, कशावरून? टिकाऊ आहे, कशावरून? उत्तर आलं नाही तर तो शब्द खोडा. शेंगा चटणीवाल्यांचंही तेच, "पारंपरिक चवीची अस्सल चटणी" सगळेच लिहितात, त्यापेक्षा "भाजलेल्या शेंगा, लसूण, जिरं, तिखट, मीठ. कुटून केलेली आहे त्यामुळं तेल सुटलेलं दिसेल, ते शेंगांचंच, वरून घातलेलं नाही" असं लिहा, अर्थात खरंच घालत नसाल तर. कडक भाकरीच्या पानावर ती किती दिवस टिकते आणि कुरिअरमध्ये तुटू नये म्हणून पॅक कशी करता ते आधी सांगा, बाहेरगावच्या माणसाला पहिली काळजी तीच असते.

बोलायचं कसं: तुम्ही, आम्ही आणि सोलापुरी ठसका

गिऱ्हाइकाला "तुम्ही" म्हणा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. एका पानावर "तुम्ही", दुसऱ्यावर "आपण", बटणावर "तू" असा गोंधळ नको. दुकानानं स्वतःला "आम्ही" म्हणावं, "सदर आस्थापना" वगैरे अजिबात नको.

ऑर्डर, डिलिव्हरी, कुरिअर, पेमेंट, साइज, स्टॉक, डिस्काउंट हे शब्द तसेच ठेवा, गिऱ्हाईक हेच बोलतं. पण रंग, माप, धुणं, वजन, परत, बदलून ह्या शब्दांना उगीच कलर, मेजरमेंट, वॉश करू नका. कुठला शब्द ठेवायचा अशी शंका आली तर रेकॉर्डिंगमध्ये गिऱ्हाईक काय म्हणालं ते बघा, भांडण तिथंच मिटतं.

सोलापुरी बोलीचं काय? "काय करलालाय", "कुठं चाललाव" ही आपली गोड भाषा आहे आणि मला ती वेबसाइटवर बघायला आवडते, पण जागा बघून. रीलमध्ये, पहिल्या पानावरच्या एखाद्या ओळीत, पार्सलमधल्या चिठ्ठीत खुशाल वापरा. पैसे परत मिळण्याच्या पानावर वापरू नका, तिथं रत्नागिरीच्या आणि नागपूरच्या माणसालाही एका वाचनात कळलं पाहिजे. बोलल्यासारखं लिहा म्हणजे जसं बोललं तसं सगळंच टाका असंही नाही, तेच तेच परत आलेलं, "म्हणजे काय आहे की" वगैरे काढून टाका, बोलण्याचा क्रम आणि शब्द ठेवा.

एआयकडून लिहून घेत असाल तर त्याला नुसतं "चादरीच्या दुकानासाठी मजकूर लिही" असं सांगू नका, ते परत तुम्हाला "समृद्ध वारसा"च देणार. तुमची प्रश्नोत्तरांची वही त्याला द्या, "ह्यातलेच शब्द वापर" म्हणा, आणि आलेलं सगळं स्वतः तपासा.

बटणं, फॉर्म आणि चुकांचे निरोप

ह्यात फार वेळ जात नाही पण लोक हे विसरतातच. "सबमिट"ऐवजी "ऑर्डर पाठवा". "संपर्क साधा"ऐवजी "व्हॉट्सॲपवर विचारा". नंबर चुकला तर "अवैध इनपुट" असं दरडावू नका, "मोबाइल नंबर १० आकडी पाहिजे, पुढं शून्य किंवा +९१ जोडू नका" असं लिहा. माल संपला तर "आउट ऑफ स्टॉक" लिहून मोकळं होऊ नका, "हा रंग संपलाय, पुढच्या आठवड्यात मागावरून उतरेल, नंबर द्या, आल्यावर कळवतो". अर्थात कळवणार असाल तरच.

नियमांचं पान पण माणसासारखं लिहा

ऑनलाइन विकताय तर ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम, २०२० बघून घ्या. दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, परत घेणं, पैसे परत देणं, बदलून देणं, डिलिव्हरी ह्याची माहिती आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-संपर्क द्यायला सांगितलंय, तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर लागतो. हे पान लोक दुसऱ्याच्या साइटवरून कॉपी मारतात आणि त्यात दुसऱ्या गावचं न्यायालय तसंच राहून जातं, असं खरंच असतं. स्वतः लिहा, मग सीए किंवा वकिलाला दाखवा:

"माल फाटलेला किंवा चुकीचा आला तर ७ दिवसांत फोटो पाठवा. परत पाठवायचा खर्च आमचा. नुसता रंग आवडला नाही म्हणून बदलायचा असेल तरी बदलून देतो, पण कुरिअर तुमचं. धुतलेला माल परत घेत नाही. तक्रार पाठवल्यावर ४८ तासांत मिळाली म्हणून कळवतो आणि एका महिन्याच्या आत निकाली काढतो."

किती दिवस, खर्च कुणाचा, हे तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवून लिहा. "कंपनीचा निर्णय अंतिम राहील" हे वाक्य मात्र काढाच, ते वाचून गिऱ्हाईक तिथंच सावध होतं.

"आमच्याविषयी" आणि जीआयची भानगड

ह्या पानावर लोक सोलापूरचा सगळा इतिहास लिहून काढतात, जुनी मिल, १९३० चा मार्शल लॉ, चार हुतात्मे, सिद्धेश्वरांची यात्रा. ह्याचा अभिमान मलाही आहे, पण टॉवेल घ्यायला आलेल्या माणसाला त्या पानावर तुमची ओळख पाहिजे. माग किती, कुठं आहेत, दुकान कोण बघतं, फोन कोण उचलतं, दुकानात यायचं तर कुठून वळायचं. फोटो पण इंटरनेटवरचे नकोत, तुमच्याच मागाचे पाहिजेत, मागं सुताची बोचकी दिसली तरी दिसू द्या.

सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे जीआय. पण सोलापुरात दुकान आहे म्हणून तो शिक्का आपोआप आपला होत नाही. त्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तरच तो आपल्या मालावर आणि मजकुरात मिरवा. बाहेरगावी विणलेला माल सोलापुरी म्हणून खपवतात ह्याचा आपल्याला राग येतो ना, मग आपल्या पानावरचा प्रत्येक शब्द तरी चोख असला पाहिजे.

चढवण्याआधी मोठ्यानं वाचा

सगळा मजकूर मोठ्यानं वाचा, मनात नको. जिथं दम लागतो तिथं वाक्य तोडा, जिथं जीभ अडखळते तिथला शब्द बदला, आणि जे वाक्य समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणायला अवघड वाटेल ते काढून टाका. मग धंद्याशी संबंध नसलेल्या एका माणसाला, काकूंना, मामांना मोबाइल हातात द्या आणि गप्प बसा. वाचून झाल्यावर विचारा: काय विकतात हे, कितीला पडेल, कधी येईल, आवडलं नाही तर काय करायचं. ज्याचं उत्तर अडलं ते पान परत लिहा, त्यांना समजावून सांगू नका, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ समजावायला तुम्ही बसणार नाही आहात.

तांत्रिक चार गोष्टी डेव्हलपरला सांगून ठेवा. मजकूर युनिकोडमध्येच पाहिजे, प्रेसमधून जुन्या फॉन्टमध्ये आलेला मजकूर चिकटवला तर वेबसाइटवर नुसता कचरा दिसतो. 'मुक्त' (Mukta) किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारखा सुटसुटीत फॉन्ट घ्या आणि ओळींत अंतर जरा जास्त ठेवा, आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार असतात, इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलं की ते एकमेकांत घुसतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंद पाहिजे, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर नीट वाचतं. आणि भाव, माप, पत्ता हे बॅनरच्या चित्रात लिहू नका, चित्रातलं कॉपी होत नाही, मोबाइलवर बारीक दिसतं, सर्चलाही नीट सापडत नाही.

नंतर काय

महिन्यातून एकदा व्हॉट्सॲप परत चाळा. एखादा प्रश्न परत परत येतोय म्हणजे त्याचं उत्तर पानावर नाही, नाहीतर आहे पण सापडत नाही. उत्तर असेल तर वर घ्या, नसेल तर जे व्हॉट्सॲपवर लिहिलंत तेच उचलून टाका. सुट्ट्यांचंही तसंच, दुकानाच्या शटरवर जी चिठ्ठी लावता ती वेबसाइटवर पण लावा: "गड्ड्याच्या यात्रेमुळं १४ आणि १५ जानेवारीला दुकान बंद. ऑर्डर टाकून ठेवा, माल १६ तारखेपासून निघेल." आणि १६ तारखेला सकाळी दुकान उघडलं की आधी ती ओळ काढा.